घटक सातवा

दहा घटकांतला सातवा माझ्या वाट्याला आला,
‘किनाऱ्यावरील कामाचे भवितव्य’.
श्रेयांक अर्धा.

रत्नागिरीच्या उपकेंद्रात, वरच्या मजल्यावर
आम्ही सहा विषयांचे सहा तज्ज्ञ
एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लोंबकळत होतो.
भाटकर सर आकडे बघणार, फणसेकर मॅडम मन,
ओजस पाध्ये संगणक,
आणि मी भाषा. म्हणजे सगळ्यांचं लिहून झालं की
ऱ्हस्व-दीर्घासकट निस्तरणारा.

‘या घटकाच्या अखेरीस विद्यार्थी
कामाचे बदलते स्वरूप सांगू शकेल.’
सांगू, की ओळखू, की विशद करू?
सकाळ गेली.
खिडकीतून मिरकरवाड्याच्या जेटीवरचा बर्फ फोडल्याचा आवाज येत होता,
आणि वारा फिरला की वास.
मॅडमनी खिडकी लावली. पंखा बंद पडला तेव्हा उघडली.

तिसऱ्या दिवशी जुबेदा सोलकर आल्या, राजीवड्याहून.
परिपत्रकात ‘सहनिर्मिती’ होती,
म्हणून एक अनुभवी सहलेखक हवा होता.
बावीस वर्षं कोलंबी सोललेली बोटं,
पाण्यात राहून पांढरी, टोकाशी चिरलेली,
त्यांनी ती ओढणीखाली घेतली, मग विसरल्या.
खुर्चीच्या कडेवर बसून पहिला प्रश्न त्यांनीच विचारला:
“ह्याचे पैसे किलोवर मिलतात का पानावर?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
पानावर, भाटकर म्हणाले.
“मंग तुमचा नि आमचा येकच झाला.”

हसलो सगळे. ओजस जरा उशिरा.

मग मी त्यांना तक्ता वाचून दाखवला.
डावीकडे जाणारी कामं, उजवीकडे येणारी.
डावीकडे चौथ्या ओळीत
कोलंबी सोलणे, यंत्राद्वारे, अंदाजे पाच वर्षांत.
“मशीन आला कवाच,” त्या म्हणाल्या,
“दोन वर्षां झाली.”
डोकं काढतं, कवच काढतं,
पाठीतला काळा दोरा मात्र राहतो,
बारीक माल चेंगरतो.
तो पुढ्यात येतो. तो निवडायचा, साफ करायचा.
निम्मं काम मशीननं केलं
म्हणून दर निम्मा. वेळ तेवढाच.
“मशीनचा उष्टा काढतो आम्ही.
ह्या तुमच्या कागदात खंय बसतंय?”

भाटकरांनी चष्मा पुसला.
अशा कामाची विदा उपलब्ध नाही, असं काहीसं म्हणाले,
पण हळू.
मॅडमनी तिसरा रकाना आखला, पट्टीशिवाय.
त्याला मथळा सुचेना.
साचा दोनच रकान्यांचा, ओजस म्हणाला,
तिसरा घातला की पान फाटतं.

पावणेचारला जुबेदाबाई उठल्या. गाडी लागली होती.
मानधनाच्या पावतीवर सही करताना
आपलं नाव त्यांनी अक्षर अक्षर जुळवून लिहिलं,
आणि लेखकांच्या यादीत
पाच डॉक्टर-प्राध्यापकांच्या नावांखाली
‘जु. सोलकर’ एवढंच छापलेलं बघून म्हणाल्या,
जुबेदा पूर्ण टाका, घरात दोघी जु. आहेत.

रात्री विश्रामगृहात मी लॅपटॉप उघडला.
या खेपेस घटक आधी यंत्र लिहितं, मराठीतच,
मी नुसतं तपासायचं.
म्हणून पानाचा दर निम्मा. करारात आहे तसं.
वाचताना एवढं लागलं नव्हतं.

पान बारा, ओळ नऊ:
‘कोलंबी आपले कवच काढून महिलांना देते.’
मी हसलो नाही.
कर्ता हलवला, क्रियापद ओढून जागेवर आणलं,
वाक्याच्या पाठीत नख घालून
काळा दोरा हळूच बाहेर काढला.

खाली अजून सदतीस पानं होती.
भाट्याच्या बाजूनं होड्या निघायची वेळ झाली असावी,
इंजिनं धडधडत होती.
तिसऱ्या रकान्यावर मी लिहिलं, ‘उष्टं’,
पुढच्या पानावर गेलो.