डब्यातल्या दांड्या

वेन्डेल स्ट्राउडला आता दिसत नाही.
म्हणून शुक्रवारी, खेकड्यांचे पिंजरे धुऊन झाले की
मी त्याच्या शेडमध्ये जाते.
शेगडीपाशी खुर्ची, खुर्चीत तो,
आणि आमच्या मधे पत्र्याचा लांब डबा:
बाणांच्या दांड्या, पिसं न लावलेल्या, टोकं न बसवलेल्या,
तीस वर्षांत कुणी कुणी आणून टाकलेल्या.
एकीवरही नाव नाही.

"लिहून घे ग्लेनिस," म्हणतो, "मी आहे तोवर."

पहिली त्यानं हातात धरलीच नाही.
वीतभर उंचीवरून ओट्यावर सोडली,
खणकन् वाजली तसा म्हणाला, बर्च.
"निमूट लाकूड. रेषा दाखवत नाही.
बाक आला की हट्टाला पेटतं,
पण दगडावर आपटलं तरी
उचलून पुन्हा मारता येतं."

दुसरी नखानं खरवडली.
"डग्लस फर. लाल पट्टा, पिवळा पट्टा,
एक कडक, एक मऊ.
उलटा हात फिरवू नकोस."
तोवर माझ्या अंगठ्यात कुसळ गेलंच होतं.

तिसरी, म्हणाला, खिडकीशी नेऊन फिरव.
फिरवली. पांढऱ्या अंगावर
बारीक बारीक खळ्या चमकल्या,
हसू आवरणाऱ्या पोरीच्या गालावरच्या.
"सिट्का स्प्रूस. माझा आजा
याची विमानं बनवायच्या कारखान्यात होता.
उडायची सवय आहे या लाकडाला."

अ‍ॅश. जड. ("जवळचं सावज असेल तरच.")
रामीन. जहाजानं यायचं, झाडूच्या दांड्यांचं.
("आता येत नाही. येऊही नये.")
मग आणखी एक फर, मग बर्च, बर्च,
आणि कुणीतरी रंगवलेली, जिला तो फक्त "लबाड" म्हणाला.

मधेच थांबून त्यानं मला शिकवलं,
दोन खिळ्यांवर दांडी आडवी ठेवायची,
मधोमध दोन पौंडांचं वजन टांगायचं,
किती झुकते ते पाहायचं.
"त्यावर तिची सोयरीक ठरते.
ताठ दांडी मऊ धनुष्याला दिलीस
तर जन्मभर डावीकडे जाईल."
जाडी तीच, लांबी तीच,
फरक काय तो तोळ्यामाशाचा,
तेवढ्यावर बाण काळजात
किंवा शेजारच्या कुंपणात.

सतरावी त्यानं बराच वेळ नाकाशी धरली.
सोडून पाहिली. पुन्हा धरली.
"पाइन?" त्यानं विचारलं,
मला. त्यानं मला विचारलं.

मला माहीत होतं काय आहे ते.
आमच्याच नदीकाठचं सीडर,
ज्याचा वास माझ्या भावाच्या कोटाला
आंघोळीनंतरही यायचा.
तो ट्रक हाकायचा ओंडक्यांचे,
आणि टायरांच्या चिखलातून मुळांची कूज
एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेली.
कुणी नेली असं कुणी म्हणत नाही.
झाडं उभ्या उभ्या पिवळी पडली, एवढंच म्हणतात.

"जुनी आहे," मी म्हटलं, "वास उडाला असेल."

"सीडरचा उडत नाही. आत बसतो."
मग हलक्या आवाजात, "मोड."

चांगली होती. सरळ, एकही गाठ नाही,
डब्यातली सगळ्यात सरळ असावी.
गुडघ्यावर ठेवून मोडली.
लांब, तिरकी फूट पडली
आणि शेडभर आलं किसल्यासारखा,
मागून जरा मिरीचा,
इतका ताजा की माझे डोळे भरले.

मोडलेली टोकं मी त्याच्या नाकाखाली धरली.
त्यानं श्वास घेतला. आणखी एकदा घेतला.
चेहरा हलला नाही.

"येतोय ना?"
"येतोय."
"आल्यासारखा?"
"आल्यासारखा."

शेगडीत एक ढलपी फुटली.
बाहेर समुद्राकडून गाडी गेली, ओल्या रस्त्यावरची.

"मग लिही की," तो म्हणाला.
मी लिहिलं:
सीडर. एक. मोडलेली.