वट्टेचा दगड

हजेरीपटात मी जयश्री होते, ती वनिता.
घरी मी जैनी, ती वट्टे.
रात्री लाइट गेली की सतरंजीखाली
आम्ही एकमेकींना खऱ्या नावानं हाक मारायचो,
चोरून आणलेली चिंच चोखावी तशी,
हळू, संपू नये म्हणून.

पाणी मागायचं ते मराठीत.
‘एर’ म्हटलं की पट्टी.
मी लवकर शिकले. मला पाणी मिळालं.
वट्टे ओठ मिटून बसायची
आणि बोअरिंगवर कोणी नसलं की
पोट फुगेस्तोवर प्यायची.

नागपंचमीच्या सुमारास तिला ताप भरला.
अधीक्षक तालुक्याला, औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात,
नाल्याला पूर.
स्वयंपाकीण सुगंधाबाई कपाळावर फडकं बदलत राहिली,
‘झोप वो माय, झोप’.
शेवटी वट्टे एकच बोलत होती. एर. एर.
सुगंधाबाईला कळेना.
मला कळत होतं.
मी नऊ वर्षांची होते
आणि झोपेचं सोंग मला नीट जमायचं.

तिचा बाप पुसू आला.
शाळेच्या खाटेवर घालून
चौघांनी तिला मरकेगुड्याला नेली.
आठवड्यानं शाळेनं खाट परत मागवली.
हजेरीपटात तीन महिने
वनितापुढे ‘ग’ येत राहिला. गैरहजर.
मग लाल शाईची एक ओळ.

मी शिकले. नर्स झाले. सुया टोचल्या, उंच्या मोजल्या,
कुपोषित, अतिकुपोषित, रकाने भरले.
लेकीला माडिया शिकवलं नाही.
पट्टी कुणाच्याच हातात नव्हती, तरीही.

सव्वीस वर्षांनी, धान घरात आल्यावर,
वट्टेचा भाऊ दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला.
‘तिचा दगड राहिलाय,’ म्हणाला, ‘डुक्कर पाळलंय यंदा.’

नदीच्या उतरणीवरून बाप्यांनी दगड आणला,
वेलांनी बांधून, शिव्या देत, हसत.
खड्ड्यात उभा केला तेव्हा थोडा कललेलाच राहिला.
राहू दे, म्हणाले, तीही तशीच उभी राहायची.
पेरमानं विचारलं, कोणाचा?
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
‘वट्टे,’ मी म्हटलं.
भर उन्हात, मोठ्यानं.
मग लोटा उपडा केला बुडाशी
आणि एर म्हटलं. परत म्हटलं.
जमीन पीतच राहिली.

आतलं माणूस निवलं तर दगड वाढतो, म्हणतात.
त्या दिवशी मी मोजून ठेवला होता:
माझ्या चार विती, दोन बोटं.
यंदा गेलो तर लेक पुढे धावली,
स्वतःच्या इवल्या विती टाकत गेली वरपर्यंत.
‘सहा!’ ओरडली. ‘आई, वाढला!’

मी तिला हिशेब समजावून सांगितला नाही.
तिला तहान लागली होती.
काय मागायचं, ते सांगितलं.