रकाना सात

खात्याकडून कागद आलाय, तीन पानी.
शुक्रवारपर्यंत भरून पणजीला पोचवायचा.
संस्थेचा पत्ता: हळदोणे, बार्देस.
सेवेचं स्वरूप: वृद्ध व निराधारांची देखभाल.
इथवर पेन सुरळीत चाललं.

एकूण कर्मचारी अकरा.
स्त्रिया दहा, पुरुष एक.
पुरुष म्हणजे आग्नेल, गाडी चालवतो,
आठवड्यातून दोनदा म्हापशाला नेतो-आणतो,
उरलेला वेळ फणसाखाली काच पुसतो.
पगार अठरा हजार.
बाकीच्यांना बारा का, मी समितीत विचारलं होतं एकदा.
"त्याच्याकडे लायसन्स आहे ना," म्हणाले.
माणूस उचलायचं लायसन्स
अजून कुणी काढलेलं नाही.

मूळ गाव. या रकान्याला जागा दोन बोटं.
सुमंती मिंज, सिमडेगा, झारखंड.
यल्लव्वा, हावेरीकडची;
ती सांगते ते गाव आणि आधारवरचं गाव जुळत नाही,
मी आधारवरचं लिहिते.
शेवंती वेळीप, केप्याच्याही पलीकडची,
तीन बस बदलून महिन्यातून एकदा घरी.
रोझालिना बार्रेटो, इथलीच, खालच्या आवाठातली.
इथली ही एवढीच उरली.
बाकीच्या हेच काम करायला इस्रायलला गेल्या,
तिथे परक्यांच्या आयांना कुशीवर वळवतात,
आणि त्यांतल्या दोघींच्या आया
इथे यल्लव्वा वळवते.
मधले पैसे कुठल्या कुठल्या बँकेतून फिरतात
ते मला कळतं.
बाकीचं जमाखर्चात बसत नाही.

वय.
सुमंती बावीस.
रोझालिना त्रेसष्ट.
खोली चारच्या मिस्कीताबाई एकसष्ट.
म्हणजे भरवणारी
भरवून घेणारीपेक्षा दोन वर्षांनी मोठी.
पोदेराचा भोंगा वाजला की दोघी एकदम मान वळवतात,
एक उठून पाव आणते.
त्या खोलीचे महिन्याला छत्तीस हजार.
रोझालिनाने तीन महिने चादरी बदलल्या
तर त्यातल्या एका चादरीवर तिला
एक महिना झोपता येईल.
हे कागदात कुठे विचारलेलं नाही.

रकाना सात.
कुशल, अर्धकुशल, अकुशल. एकावर खूण करा.
"मागच्या वर्षीचंच उतरवा," अध्यक्ष म्हणाले.
मागच्या वर्षी दहा वेळा अकुशल,
माझ्याच अक्षरात.

मी स्वतः तीन वर्षं त्याच रकान्यात होते.
खाणी बंद पडल्या, नवऱ्याचा ट्रक
डिचोलीत दारात गंजत राहिला,
तेव्हा आले इथे, बेडपॅन धुवायला.
मग बीकॉमचं दुसरं वर्ष झालंय हे कुणाला तरी कळलं
आणि मला टेबल मिळालं.
कंबर दुखायची थांबली.
पगार वाढला. शहाणपण होतं तेवढंच.

मंगळवारी रात्री
यल्लव्वाने लोबो मास्तरांना पाणी दिलं,
"उदक घे" म्हणाली, तिच्या त्या कानडी हेलात,
आणि मास्तरांनी तिची कोंकणी सुधारली नाही.
पाच वर्षांत पहिल्यांदाच.
तिने ग्लास तसाच ठेवला,
साखरेचा डबा आणायला धावली.
डॉक्टर चाळीस मिनिटांनी आले,
म्हणाले, बरं झालं कुणीतरी होतं.
कुणीतरी.
हा शब्द मी हजेरीपटात शोधला.

आज दुपारी ती दारात उभी, हात ओले.
"अक्का, कागद काय विचारतो?"
म्हटलं, "तुम्हाला काय काय येतं, ते विचारतो."
तिने थोडा विचार केला.
"लिही, झोप येत नाही."
आणि स्वतःच हसत आत गेली,
खोली चारची बेल वाजत होती.

शुक्रवार परवा.
रकाना सात मी भरलाय.
पेन्सिलीने, पण जोर देऊन,
खालच्या पानावरही उमटलंय.