पाइद

बँगोरचा ऑर्थो वॉर्ड, पहाटेचे तीन.
इवान झोपलाय, पाय प्लास्टरमध्ये.
मी त्याचं वेल्श कॉमिक उघडते.

मला येतात ते शब्द रस्त्यावरचे नि ड्यूटीवरचे:
आरव् म्हणजे हळू,
पॉइन म्हणजे दुखणं.
खलनायक काय बोलतो, देव जाणे,
फार बोलतो.
उडणारी बाई मोजकंच.
तिचं मला कळतं, असं वाटतं.

शेवटच्या पानावर दीपगृहाच्या कठड्याला
लटकलेला म्हातारा ओरडतो: पाइद!
चार रात्री मी वाचलं: वाचवा.
आणि ती झेपावतेच,
केपवर जॅमचा डाग घेऊन.

सकाळी इवानला विचारलं.
टोस्ट चावत म्हणाला,
"नको. नको म्हणतोय तो."

सात नंबरचे मिस्टर पॅरी
सुई पाहून रोज हेच म्हणतात.
मी रोज हसून: हो हो, झालंच.