चार नंबरची काठी

हजिऱ्याच्या टालावर मी अकरा बांबू मागितले
तेव्हा टालवाल्याने आवाज उतरवला.
‘कौन गए?’ म्हणाला, आणि न सांगताच
सुतळीचा गुंडा वर ठेवला.
बर्फात रोवायचेत, हे त्याला कसं सांगायचं?
म्हटलं, लांबचं काम आहे.
त्याने मान हलवली, वीस रुपये कमी घेतले.

मे महिना. गच्चीवर पंचेचाळीस.
बाबा डोक्याला ओला पंचा गुंडाळून
दर दहा सेंटिमीटरला एक पट्टा ओढत होते,
लाल, पांढरा, लाल.
कुंचला उचलेपर्यंत रंग वाळत होता.
तीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचलेला माणूस,
त्यांना हिमनदी समजावून सांगावी लागली नाही.
‘म्हणजे आजच्यातून मागचा आकडा वजा.
बर्फ किती खर्ची पडलं ते कळलं.’
मग जरा थांबून,
‘बिल कुणाला पाठवता?’

काठ्या रोवून आल्यावर पुढच्या वर्षी सप्टेंबरात
पुन्हा वर गेले. लाहौलात,
रस्ता संपल्यावर तीन दिवस चालत.
शाई गोठते म्हणून नोंदी पेन्सिलीने,
आणि पेन्सिल धरायला हातमोजा काढावा लागतो
म्हणून नोंदी थोडक्यात.
तोबदन दोरी घेऊन पुढे,
मी त्याच्या पावलात पाऊल टाकत मागे.
एक नंबर: दोन मीटर ऐंशी बाहेर.
दोन: तीन पंधरा.
तीनवर दगडमातीचं पांघरूण, तिथे कमी.
डोळा पट्ट्याच्या रेषेत आणायचा,
वरून बघितलं की आकडा फसवतो,
हे मी दहाव्या वर्षी शिकले,
दौलतगंजात कुणाच्या तरी जिन्याखाली,
बाबांनी धरलेल्या स्टुलावर उभी राहून.

चार नंबरची आडवी पडली होती.
सगळीच्या सगळी, तिन्ही जोड, गंजक्या तारांसकट,
कुणी टेकवून ठेवून विसरून गेल्यासारखी.
भोकाची खूणसुद्धा नाही.
तोबदन म्हणाला, सहा लिहा,
काठी सहाचीच होती ना.
पण ती पडली कधी?
आणि पडल्यावर गेलं ते?

दाराला कुलूप असलं की बाबा
मागच्या तीन महिन्यांची सरासरी लिहायचे.
नियमच होता तसा.
एकदाच, कंपूतल्या एका घराचा
रकाना त्यांनी कोरा सोडला,
साहेबाचं बोलणं खाल्लं.
का, विचारलं तर म्हणाले,
‘आतून पंख्याचा आवाज येत होता.’

मी पालथी झाले, टोपी वर केली,
कान बर्फाला लावला.
खूप खाली पाणी चाललं होतं,
न थांबता, कुणीतरी घरात असल्यासारखं.
बोटं वळत नव्हती. लिहिलं:
सहाहून जास्त.
त्यापुढे रकाना रिकामा.

खालचा जोड तेवढा परत आणला,
ग्वाल्हेरपर्यंत, बर्थखाली आडवा घालून.
आता तो आमच्या हौदात असतो.
तिघऱ्याचं पाणी एक दिवसाआड.
सकाळी बाबा झाकण सरकवतात,
गुडघ्यांवर हात टेकत टेकत खाली बसतात,
चष्मा पुसतात, डोळा रेषेत आणतात,
आणि आतूनच घुमल्यासारखं ओरडतात,
‘कालच्यापेक्षा दोन पट्टे!’
मी ओट्यापाशी उभी असते.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेते,
पेन्सिलीने.