टाकी

दिवा लाल झाला तेव्हा आमची आरव्ही
टॅमरॅक लेकच्या अलीकडे सात मैलांवर होती.
संडासाची टाकी पाऊण, बेसिनची काठोकाठ.
कॅम्पग्राउंडचं डम्प स्टेशन बंद,
थंडीत पाइप फुटलाय, दुरुस्ती मे अखेर.
गावात एक चर्च, एक गळ-गांडुळांचं दुकान
आणि तळं. इतकं नितळ
की अशा वेळी त्याच्याकडे बघायची लाज वाटावी.

दुकानातली डार्लीन म्हणाली,
जत्रेच्या मैदानामागे जा, गुरांच्या शेडच्या उजवीकडे.
झाकण जड आहे. पाच डॉलर डब्यात टाका.
कोणी मोजत नाही.

अच्युतने हातमोजे चढवले.
आधी संडासाची, मग बेसिनची,
म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी आपोआप धुतली जाते,
हे त्यानं मला ताळेबंद समजावल्यासारखं समजावलं.
चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा
स्वतःचं स्वतः.

नळी थरथरली, कोणी घसा खाकरावा तशी,
आणि मला साताऱ्याच्या घरामागचा बोळ आठवला,
पहाटे वाजणारी पत्र्याची बादली,
आणि ती बाई, जिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही.
मी काही बोलले नाही.
तोही गप्प. झाकणाभोवती
जरा जास्तच वेळ पाणी मारत राहिला.

डब्यात दहाची नोट टाकली.
सुटे नव्हते, म्हणाला.
होते.

रात्री जागा मिळाली, सतरा नंबर, पाण्याला लागून.
तळ्यावर कुठलासा पक्षी ओरडत होता
आणि अच्युत तिसऱ्यांदा हात धूत होता,
बारीक धारेखाली,
टाकीचा हिशोब ठेवून.