कापलेलं टोक वर

ट्रक रात्री आला. सकाळी बांधावर
एकशे बारा खांब, एकावर एक,
अंगावर मोरचुदाची हिरवट झाक.
मणेराजुरीत तो रंग कुणाला नवा नाही,
आमच्या बादल्या, पातळं, नखं
फवारणीच्या दिवसांत त्याच रंगाची होतात.
पण हे लाकूड वरून फवारलेलं नव्हतं.
टाकीत कोंडून, दाब देऊन,
गाभ्याच्या दारापर्यंत औषध पाजलेलं.
ड्रायव्हर म्हणाला, तीस वर्षं
वाळवी तोंड लावणार नाही.

तातोबा सुतारांनी खांब बोटानं वाजवला, हुंगला,
जीभ लावणार तेवढ्यात मी ओरडले.
ते ओशाळून हसले. म्हणाले,
"लाकूड चाखून बघायची सवय, वैनी."

खड्डे अडीच फूट.
हातभर खाली मुरूम, त्याच्याखाली पहार नुसती ठणकते.
सन्मतीनं सिमेंटची पोती उतरवली,
त्यांनी ती तशीच परत गाडीत ठेवायला लावली.
"सिमिटाची वाटी केलीस तर पाणी बसून ऱ्हातं तिच्यात.
खाली खडी टाक. पाण्याला जायाला वाट ठेव,
मग खांबाला कशाचं भ्या न्हाई."

मग वीतभर माती, धुम्मस.
पुन्हा वीतभर, धुम्मस.
ओळंबा हलतो, थांबतो.
आधी धप्प, मग ठप्प,
आणि कधीतरी, मला न कळणाऱ्या एका फटक्याला,
"हां. आता बोलला."
की पुढच्या खड्ड्याकडे.

सातव्या ओळीतला चौथा खांब
वीतभर उंच निघाला. सन्मतीनं तो बुडातून कापला,
उभा केला, माती लोटली,
आणि कुणाला सांगितलं नाही.
तातोबांना मातीवर भुसा दिसला.
पिवळसर, कोरा,
हिरव्याचा थेंबही न लागलेला.
न बोलता त्यांनी खांब उपसायला घेतला.
दोघांना तासभर लागला.
"कापल्यालं टोक वर," ते म्हणाले, "कायम वर.
जिथवर औषध गेलं न्हाई ते उजेडात ठेवायचं, पोरा.
दिसतंय तवर इलाज हाय."
सन्मती चोवीस वर्षांचा. मान खाली घालून
त्यानं खांब उलटा केला.

वीतभर तुकडा मी उचलला, चुलीला होईल म्हणून.
तोही त्यांनी हातातून घेतला.
"ह्ये जाळायचं न्हाई. धुरात इख असतंय."
मग पुरू का?
"पुरून कुजंल व्हय? कुजू नये म्हणून तर केलंय."
मग करू काय याचं?
तुकडा मांडीवर घेऊन ते बसून राहिले,
आयुष्यभर रंधा धरलेला अंगठा
त्याच्या कडेवरून फिरवत.
"माझी लाकडं तर कवाच मसणात गेल्याती," म्हणाले,
"पर ह्याला तितंबी कुणी घ्यायचं न्हाई."
हसले. मला हसू आलं नाही.

तो तुकडा आता मोटारीच्या खोलीत
दाराला पाचर म्हणून आहे.

संध्याकाळी मी डबा घेऊन शिडीवर चढले.
छाटणीनंतर वेलीच्या खोडाला लावतो तीच बोर्डो पेस्ट
त्या उघड्या माथ्यावर बोटांनी लावली,
कडेपासून मधल्या फिकट गाभ्यापर्यंत, जखमेला लावतात तशी.
गरज होती की नाही, माहीत नाही.
तातोबा खाली पहार पुसत उभे होते.
बघून काही बोलले नाहीत.
"हात धुवा," एवढंच म्हणाले, "जेवायच्या आदी."